पाणी कुठे मुरत होतं

आमच्या गावातल्या निम्म्या लोकांना माझा चेहरा आठवणार नाही, पण पाठ सगळे ओळखतात. रस्त्याच्या कडेला चेंबरचं झाकण सारून, गुडघे टेकून, खांद्यापर्यंत हात खड्ड्यात घातलेला माणूस म्हणजे मी. गौतम इंगळे, आधी ग्रामपंचायतीचा आणि तिची नगरपंचायत झाल्यावर तिचा वॉलमन. गावाचं नाव लिहीत नाही. शेलूबाजारहून जीपमध्ये बसलं की तासाभरात आमचं गाव येतं, एवढं पुरे. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

वॉलमनला गावात दोनच वेळा हाक मारतात. आपल्या नळाला पाणी आलं नाही तेव्हा, आणि शेजाऱ्याच्या नळाला जास्त आलं तेव्हा. पाणी नीट आलं तर ते आपोआप आलं असं सगळे धरून चालतात. याची मला तक्रार नव्हती. फक्त एवढंच, की दिवसभरात माझ्याशी जे काही बोललं जायचं ते सगळं पाण्याबद्दलच असायचं.

काम समजायला सोपं आहे. धरणावरचा पंप पाणी गावाबाहेरच्या फिल्टरवर आणतो. तिथं तुरटीनं गाळ खाली बसवतात, वाळूच्या थरातून पाणी काढतात, ब्लीचिंग पावडर घालतात आणि उंच टाकीत चढवतात. टाकीच्या पुढचं सगळं माझं. गावभर जमिनीखाली पाइप, पाइपांना जागोजागी वॉल. साऱ्या गावाला एकदम पाणी सोडलं तर कुणालाच पुरत नाही, म्हणून वार वाटून दिलेले. माझ्याजवळ छातीएवढ्या उंचीची लोखंडी चावी. वॉल किती फेरे उघडायचा ते कुठं लिहिलेलं नसतं, हाताला माहीत असतं. बाजारातला अकरा फेरे. शाळेजवळचा सातच, कारण आठव्या फेऱ्याला तिथला जुना पाइप फुटतो. हे मी दोनदा फोडून शिकलो.

दुसरं काम ऐकण्याचं. वॉलवर लोखंडी सळई टेकवायची आणि वरच्या टोकाला कान लावायचा. पाणी सुरळीत जात असलं की खालून एकसारखी घरघर येते. वाटेत कुठं गळत असलं तर त्या घरघरीत एक बारीक शीळ मिसळलेली असते. माझ्या आधीच्या वॉलमननं मला हे शिकवलं तेव्हा पहिले सहा महिने मला फक्त माझाच श्वास ऐकू यायचा. पुढं कान तयार झाला, आणि खोटं कशाला बोलू, फार चांगला तयार झाला. म्हणूनच पुढचं सांगणं मला जड जातं.

मी राहतो भीमनगरात. वस्ती टेकाडावर आणि पाइपाच्या अगदी शेवटच्या टोकाला. आमचा वार सोमवार आणि गुरुवार. पाणी सोडलं की खालच्या घरांना करंगळीएवढी धार यायची, वरच्या दोन ओळींना थेंब थेंब, आणि शेवटच्या सात घरांना नुसती हवा. त्या सात घरांत एक माझं. वस्तीतले लोक म्हणायचे, आपला माणूस वॉलमन असून आपल्यालेच पाणी नाही. कुणाला वाटायचं मी बाजारवाल्यांना सामील आहे, कुणाला वाटायचं मला कामच येत नाही. मी दोन फेरे जास्त द्यायचो, वेळ वाढवून पाहायचो, पाणी काही वर चढायचं नाही. पाइप जुना, टेकाड उंच, असं मी सांगायचो. हळूहळू लोकांनी विचारणं सोडलं, आणि माझ्याशी बोलणंही.

त्यातच माझी बायको कांता वारली. आठ दिवसांचा ताप, एवढंच. मुलगा पुण्याला कंपनीत, तो रविवारी फोन करतो. घरी परतून कुलूप उघडायचं, यापेक्षा चावी खांद्यावर टाकून गावभर फिरणं मला बरं वाटायचं. ज्या वॉलवर जायची गरज नाही तिथंही मी जायचो.

भीमनगरची लाइन नाल्याखालून जाते. त्या नाल्याच्या पुलाखालच्या अंगाला, सरकारी पट्टीवर, सुभद्राबाई राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी धनजला दिलेली. टिनाची एक खोली आणि पुढं चार वाफे. पालक, मेथी, वांगी, आणि बाराही महिने सांबार. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, आम्ही कोथिंबिरीला सांबार म्हणतो. एप्रिल-मे महिन्यात साऱ्या शिवारात हिरवं म्हणून काही दिसत नसे, तेव्हाही तिचे वाफे हिरवेगार. कारण तिच्या खोलीमागच्या दरडीतून एक झरा वाहायचा. तिनं खाली दगड लावून त्याचं डबकं केलं होतं, आणि डब्यानं पाणी काढून ती वाफ्यांना द्यायची. बाजारात बसली की लोक म्हणायचे, बुढीवर देवाची मेहरबानी आहे.

मी पुलावरून जाताना ती हाक मारायची, ये रे गौतम, चाय पेऊन जाय. मी उतरायचो. ती मला पाण्याचं काही विचारायची नाही. तिला नळच नव्हता. ती कांताबद्दल विचारायची, कोणती भाजी चांगली करायची, कशावर रागवायची. मुलाचा फोन आला का ते विचारायची. मी काही बोललो नाही तरी तिचं चालायचं. वाफ्यातलं तण काढत ती आपली बोलत राहायची आणि मी दगडावर बसून असायचो. दिवसातली ती पंधरा मिनिटं सोडली तर उरलेला वेळ मी फक्त चावी फिरवणारा माणूस होतो.

आता खरी गोष्ट. झरा सोमवारी आणि गुरुवारी फुगायचा. एरवी ओल आणि बारीक धार, पण या दोन दिवशी डबकं भरून वाहायचं. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी पुलाखाली जाऊन लाइनला सळई लावली. शीळ इतकी स्पष्ट होती की नवख्यालाही ऐकू आली असती.

पाइपाच्या सगळ्यात खोल जागी एक वॉल असतो, त्याला आम्ही वॉशआउट म्हणतो. पाइपात साचलेला गाळ बाहेर काढायला तो अधूनमधून उघडायचा, एरवी बंद. नाल्यावर पूल बांधला तेव्हा ठेकेदारानं या वॉशआउटचं चेंबर मातीखाली दाबून टाकलं होतं. मी तिथंच उभा होतो. तेव्हाचे साहेब म्हणाले राहू दे, मी राहू दिलं. आत झाकण टेकतं ती बैठक झिजून तो गळायला लागला असणार. भीमनगरच्या टेकाडावर चढायचं पाणी खालीच निसटत होतं.

तरी खात्री करावी म्हणून मी खिशातली काचेची नळी काढली. पाण्यात ब्लीचिंग आहे की नाही हे पाहायला आमच्याकडं एक औषध असतं, दोन थेंब टाकले की पाणी पिवळं होतं. झऱ्याचं पाणी नळीत घेतलं, थेंब टाकले. पिवळं झालं. फिकट, पण पिवळंच. जमिनीतल्या झऱ्यात ब्लीचिंग येत नसतं.

सुभद्राबाई आत चहा गाळत होती. मी नळी मातीत ओतली, धुतली आणि खिशात ठेवली. चहा प्यालो. कुणाला काही सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, आणि पुढची पाच वर्षंही नाही.

त्यातल्या शेवटच्या वर्षी आमच्याकडं सावंत मॅडम मुख्याधिकारी म्हणून आल्या. वय तिशीच्या आतबाहेर, कोकणातल्या. आल्या त्या आठवड्यात त्यांनी केबिनमधला कूलर बंद करून खिडक्या उघडल्या आणि पाठकोऱ्या कागदावर टिपणं लिहायला लागल्या. ऑफिसात हसू झालं. त्या वर्षी पाऊस कमी होता. धरण अर्धं भरलं होतं. नगरसेवकांचं म्हणणं असं, की दुसऱ्या धरणावरून नवी पाइपलाइन आणायचा ठराव करावा आणि तोवर टँकर लावावेत. मॅडमनी ठराव थांबवला. आधी मला तुमच्यासोबत फिरू द्या, असं त्यांनी मला सांगितलं तेव्हा मला वाटलं ऐकण्यात काही चूक झाली.

पहाटे साडेपाचला त्या टाकीखाली हजर. पंपावरचे राठोडभाऊ टाकी भरत होते. टाकी भरली ती कशी कळायची? वरून सांडायला लागली की. राठोडभाऊ चहा प्यायला जायचे, सांडल्याचा आवाज आला की येऊन पंप बंद करायचे. मीही ते वर्षानुवर्षं पाहत आलो होतो आणि त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. मॅडम त्या सांडणाऱ्या पाण्याखाली बादली धरून उभ्या राहिल्या. बादली भरली, ओतली, पुन्हा धरली. दुपारी आम्हा दोघांना बोलावून घेतलं आणि समोर बसवून म्हणाल्या, "गौतमराव, धरणातून हे पाणी इथवर आणायला आपण वीज जाळतो, तुरटी टाकतो, तुम्ही दोघं राबता. ते जमिनीवर सांडलं की पाण्यासोबत हे सगळंही सांडलं. मला नवं पाणी नको आहे. असलेलं कुठं जातं ते मला दाखवा."

इतक्या वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं. वरचे साहेब विचारायचे ते एकच, तक्रार आहे की नाही.

त्यांनी केलेल्या गोष्टी सांगितल्या तर फार मोठ्या वाटणार नाहीत. टाकीत एक तरंगणारा डबा सोडला, त्याची दोरी कप्पीवरून बाहेर आणून टोकाला लाल लोखंडी पट्टी बांधली. टाकी भरत जाईल तशी पट्टी खाली येते, चहाच्या टपरीवरूनही दिसते. सांडणं त्या दिवसापासून थांबलं. फिल्टरची वाळू धुतलेलं गढूळ पाणी आम्ही नाल्यात सोडायचो. ते त्यांनी जुन्या हौदात साठवायला लावलं. गाळ बसला की वरचं पाणी पुन्हा फिल्टरवर, आणि गाळाकडचं पाणी तिथल्या मोकळ्या जागेत लावलेल्या कडुनिंबांना आणि बांधकामवाल्यांना. तोटी नसलेल्या सार्वजनिक नळांना तोट्या लावल्या. लोकांनी त्या काढून नेल्या, यांनी पुन्हा लावल्या, तिसऱ्यांदा लावल्या, मग राहिल्या. टाकीतून किती निघालं हे मोजायला एक मोठा मीटर बसवला आणि प्रत्येक वस्तीत रोज दोन घरी बादली लावून पाणी मोजायचं काम माझ्याकडं आलं. सोडलेलं आणि पोचलेलं यात किती फरक निघाला तो आकडा लिहीत नाही. वॉलमनला लाज वाटेल इतका होता.

माणसं बदलणं पाइपापेक्षा अवघड. गणेशवाडीत एक निवृत्त गुरुजी होते. पाण्याचा वार आला की ते आधी घरातले सगळे हंडे, पिंपं, टाकं मोरीत रिकामं करायचे आणि मग ताजं भरायचे. तीन दिवसांचं पाणी शिळं होतं, असं त्यांचं मत. अख्खी गल्ली गुरुजींचं पाहून तेच करायची. पाण्याच्या दिवशी त्या गल्लीतली गटार नदीसारखी वाहायची. मी सांगून पाहिलं तर गुरुजी म्हणाले, मला शिकवतोस? मॅडम स्वतः गेल्या. मोरीपाशी बसून त्यांनी तांब्याभर जुनं पाणी मागून घेतलं आणि सगळ्या बायकांसमोर प्याल्या. मग गुरुजींना विचारलं, धरणात तर हे पाणी वर्षभर उभं असतं, तिथं ते शिळं होत नाही का? पुढच्या वारी गुरुजी स्वतः गटारीकडं लक्ष ठेवून उभे होते. एका मंगल कार्यालयाचा मालक नळाला थेट मोटार लावून साऱ्या ओळीचं पाणी ओढायचा, तो मात्र ऐकेना. त्याची मोटार मॅडमनी उचलून आणली. त्यानंतर त्यांच्या केबिनमध्ये येणाऱ्यांची संख्या कमी झाली.

मी त्यांना जवळून पाहत होतो. त्या सरकारी क्वार्टरमध्ये एकट्या राहायच्या. डबा ऑफिसातच खायच्या, खिडकीकडं तोंड करून. नगरसेवकांना त्या नको होत्या, ऑफिसला त्यांच्या मोजमापाचा कंटाळा आला होता. एकदा मला म्हणाल्या, "तुम्ही एवढे फिरता, तुमच्याशी कुणी बोलतं का हो?" मी म्हटलं, पाण्याबद्दल बोलतात. त्या हसल्या आणि म्हणाल्या, माझंही तसंच आहे.

हिशेबात एकेक वस्ती जुळत गेली. सोडलेलं आणि पोचलेलं जवळ येत गेलं. राहिली फक्त एक लाइन, भीमनगरची. मॅडम विचारायच्या, गौतमराव, इथं कुठं जातं? मी म्हणायचो, पाइप जुना आहे, शोधतो आहे. त्यांचा माझ्या कानावर भरवसा होता. मी पुलापर्यंत जायचो, चहा प्यायचो आणि परत यायचो.

मार्चमध्ये भीमनगरात कावीळ आली. आधी दोन घरी, मग आठ-दहा. माझ्या शेजारच्या जनाबाईची सून सुनंदा सहा महिन्यांची गरोदर होती, तिला झाली. डोळे हळदीसारखे पिवळे. वाशिमहून तिला अकोल्याला नेलं. जनाबाई मला दारात धरून म्हणाली, तुमचं पाणीच वाईट आहे. मी म्हटलं, पाणी फिल्टरचं आहे, मी रोज तपासतो. टाकीखालचं पाणी मी रोज तपासत होतो, ते खरंच होतं. वस्तीतलं तपासलं तेव्हा नळीतला रंग बदललाच नाही. थेंब टाकले, वाट पाहिली, पुन्हा टाकले. पाणी पांढरंच.

तेव्हा मला उमगलं, जे पाच वर्षांपूर्वीच उमगायला हवं होतं. पाणी सोडलेलं असतं तेव्हा पाइप भरलेला असतो आणि गळतीतून पाणी बाहेर येतं. पाणी बंद केलं की पाइप रिकामा होतो आणि त्याच भोकातून बाहेरचं आत ओढतो. बाहेर नाला होता. साऱ्या गावाची गटार त्या नाल्यात येते. सोमवारी आणि गुरुवारी मी माझ्या हातानं तेच वस्तीकडं ढकलत होतो.

मॅडम फिल्टरवर होत्या, दुपारची वेळ. मी नळी त्यांच्यापुढं ठेवली आणि पुलाखालच्या वॉशआउटचं सांगितलं. त्या उठल्याच, माणसं बोलवायला. मी म्हटलं, मॅडम, अजून एक आहे. हे मले आधीपासून माहीत होतं.

त्या खाली बसल्या. "किती दिवसांपासून?"

"पाच वर्षं झाली."

त्यांनी नळी उचलून उजेडाकडं धरली. मग विचारलं, "का नाही सांगितलंत?"

एवढी वर्षं मी स्वतःलाही हे उत्तर दिलं नव्हतं. बुढीचे वाफे वाळतील म्हणून, असं सांगितलं असतं तर ते अर्धंच खरं होतं. मी म्हटलं, "तिथं मले कोणी बस म्हणत होतं."

त्यांचा आवाज चढला नाही. म्हणाल्या, मला हे लिहावं लागेल. मी म्हटलं, लिहा. त्यांनी लिहिलं, मला नोटीस मिळाली, ती अजून कपाटात आहे. मग म्हणाल्या, उद्या तुम्ही स्वतः खणा. आणि भीमनगरात काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, ते मी लिहून देणार नाही.

दुसऱ्या दिवशी जेसीबी पुलाखाली उतरेना, म्हणून हातानंच खणलं. मी, राठोडभाऊ आणि दोन मजूर. सुभद्राबाई वाफ्यांच्या कडेला टोपलं काखेत धरून उभी होती. दुपारी कुदळ लोखंडावर वाजली. वॉलच्या अंगानं पाणी फुटत होतं, चिखल छातीपर्यंत उडाला. बैठक पार झिजलेली. चावी लागेना, शेवटी वॉलच्या तोंडावर लोखंडी पट्टी नटांनी आवळून ते कायमचं बंद करायचं ठरलं. मी वाकलो तेव्हा ती वरून म्हणाली, "बंद करून राह्यला काय?"

मी मान वर केली नाही. म्हटलं, "हाव, मावशी."

संध्याकाळी आम्ही माती लोटली तेव्हा दरडीतली धार थांबलेली होती.

गुरुवारी भीमनगरचा वॉल उघडला आणि मी धावत टेकाडावर गेलो. शेवटच्या सात घरांपर्यंत पाणी आलं. माझ्या स्वतःच्या नळातून खळखळ करत आधी तांबडं, मग स्वच्छ. बायका हंडे घेऊन बाहेर आल्या, कुणी कुणाला हाका मारत होतं. मी नळीत थेंब टाकले, पिवळं झालं. त्याच संध्याकाळी मी जनाबाईच्या दारात गेलो आणि सगळं सांगितलं. सुनंदा तोवर धोक्याबाहेर होती, पुढं बाळंतपणही नीट झालं. जनाबाईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू आपला असून असं केलं?" दार तिनं आपटलं नाही, हळूच लावलं. त्या वस्तीत मी अजून राहतो. लोक वाईट वागत नाहीत. पाणी चांगलं येतं म्हणतात. बस एवढंच म्हणतात.

त्या उन्हाळ्यात गावाला एकही टँकर लागला नाही. जूनच्या सुरुवातीला धरणात पाणी उरलं होतं, आणि तीन दिवसांआड येणारं पाणी आम्ही एक दिवसाआड देऊ शकलो. नवी पाइपलाइन न आणता. याचा मला अभिमान आहे, तो मी लपवत नाही. गावानं त्याची कुठं नोंद घेतली असं मात्र नाही.

सुभद्राबाईचे वाफे पंधरा दिवसांत वाळले. मॅडम तिच्याकडं दोनदा गेल्या. फिल्टरजवळची मोकळी जागा आणि हौदाचं पाणी देतो म्हणाल्या, तिथं भाजी करा. पण फिल्टर गावाच्या दुसऱ्या टोकाला आणि तिचे गुडघे गेलेले. ती नको म्हणाली. मग धनजची मुलगी येऊन तिला घेऊन गेली. हे मला राठोडभाऊंनी सांगितलं. मी पुलावरून जाणंच सोडलं होतं. भीमनगरला जायला मी शाळेमागून लांबचा रस्ता धरायचो. ती जाण्याआधी एकदा उतरून, मावशी मी चुकलो, एवढं म्हणायला मला कुणी अडवलं नव्हतं.

पुढच्याच वर्षी सावंत मॅडमची बदली झाली. ऑफिसात हारतुरे झाले, पाच मिनिटांत आटोपले. त्यांचं सामान दोन बॅगा आणि पुस्तकांची एक पेटी. मी आणि राठोडभाऊंनी ते जीपवर चढवलं. त्या म्हणाल्या, लाल पट्टीवर लक्ष ठेवा. मी म्हटलं, ठेवतो. ठेवलंही, निवृत्तीपर्यंत. त्यांच्या जागी आलेल्या साहेबांनी कूलर सुरू केला, पण सांडणाऱ्या टाकीची सवय आम्ही पुन्हा लागू दिली नाही. बादली लावून मोजायला मला कुणी सांगत नव्हतं, तरी मी मोजायचो आणि वहीत लिहायचो. ती वही कुणी मागितली नाही.

निवृत्त होऊन सहा महिने झाले तेव्हा, थंडीच्या दिवसात, मी एस.टी.नं धनजला गेलो. विचारत विचारत घर सापडलं. सुभद्राबाई ओसरीत बसून तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होती. डोळ्यांना कमी दिसत होतं, आवाजावरून ओळखलं. मी खाली बसलो आणि इकडचं तिकडचं न बोलता सांगून टाकलं, "मावशी, तो झरा नव्हता. नळाचं पाणी होतं. मले माहीत होतं, मी तुले सांगितलं नाही."

तिचे हात थांबले नाहीत. "मले का पावडरचा वास येत नव्हता? रोज तेच पाणी पेत होती मी."

"मग तू बोलली काहून नाही?"

"बोलली असती तर तुले ते बंद करा लागलं असतं. मंग तू कायले आला असता?"

आतून तिची लेक कोण आलं म्हणून विचारत होती. सुभद्राबाईनं सांगितलं, आपल्याकडचा माणूस आहे. मग तिनं मला विचारलं, "आता भीमनगरले पाणी चढते काय?"

मी म्हटलं, चढते, शेवटच्या घरापर्यंत.

"मंग चांगलं झालं," ती म्हणाली. एक शेंग तिनं चाचपून पाहिली, किडकी होती, बाजूला टाकली. "पण यायले इतके दिवस काहून लावले?"

मी तिच्यापुढचं सूप थोडं माझ्याकडं ओढलं आणि पाचची बस येईपर्यंत तिच्यासोबत शेंगा सोलत बसलो.